रंगकाम निपरपासून सुरू होतं: प्लॅस्टिक किट जोडणं आणि एअरब्रशनं रंगवणं

प्लॅस्टिक किटच्या (सुटे पार्ट जोडून करायच्या मॉडेलच्या) बाबतीत एक समज फार चिवट आहे. जोडताना राहिलेली फट आणि घासायची राहून गेलेली कड रंगाखाली दबून जाईल, असं वाटतं. होतं नेमकं उलट. उघड्या प्लॅस्टिकवर डोळ्याला न दिसलेली रेघ एकसारख्या रंगाखाली उठून येते आणि वर वॉश (रेघांत उतरणारा पातळ गडद रंग) गेला की ती गावभर बोभाटा करते. एअरब्रशचा (हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पेनासारख्या हत्याराचा) थर इतका पातळ असतो की तो काहीच भरत नाही, फक्त दाखवतो. म्हणून एअरब्रशची चर्चा या लेखात बरीच उशिरा येते. तोवरचा भाग वगळून थेट तिकडे उडी मारू नका.

उदाहरणासाठी दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान धरलंय. रणगाडा किंवा मोटार करणार असाल तरी क्रम फारसा बदलत नाही.

किट निवडताना

१/७२ हे प्रमाण म्हणजे खऱ्यातले ७२ सेंमी मॉडेलवर १ सेंमी. इंचाच्या हिशेबात १ इंचाला ६ फूट. साधारण ९ मीटर लांबीचं स्पिटफायर १/७२ मध्ये साडेबारा सेंमीचं होतं, १/४८ मध्ये १९ सेंमीचं. एअरब्रश शिकायला १/४८ बरं, कारण रंगाच्या कडा सांभाळायला जागा मिळते. चिलखती वाहनांत १/३५ चालतं, मोटारींत १/२४, जहाजांत १/७०० आणि १/३५०. १/३५ हा अडनिडा आकडा तामिया या जपानी कंपनीच्या पँथर रणगाड्यापासून आला. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार ठरवला, मग मोजलं तर प्रमाण १/३५ निघालं आणि पुढे इतरांनीही तेच धरलं.

खोक्यावरच्या चित्राला भुलू नका. पन्नास वर्षांपूर्वीचा साचा नव्या चित्रासह पुन्हा विकला जातो, आणि त्यात फटी बुजवण्यातच निम्मा जीव जातो. साचा कोणत्या वर्षाचा आहे ते आधी बघा. पहिल्या किटसाठी एकावर एक दोन पंख असलेलं विमान (तारा ओवाव्या लागतात) आणि उघड्या चकचकीत धातूचं विमान (प्लॅस्टिकवरचा बारीकसा ओरखडाही दिसतो) टाळा. दोन-तीन रंगांची छलावरणाची योजना असलेलं, मॅट रंगाचं लढाऊ विमान सगळ्यांत क्षमाशील.

हत्यारं

चांगला निपर (पार्ट कापायची बारीक पक्कड), ११ नंबरच्या पात्याची सुरी, टोकदार चिमटा, कापायची मॅट, मास्किंग टेप आणि ४०० पासून २००० पर्यंतचे वॉटर पेपर. सुरुवातीला एवढं पुरे. पैसे घालायचेच तर निपरवर घाला. बोथट निपर प्लॅस्टिक कापत नाही, चिरडतो, आणि चिरडलेल्या जागी पांढरा डाग पडून खड्डा राहतो. पाती मात्र जपत बसू नका. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि तो जोर शेवटी बोटावर उतरतो.

कापणं, घासणं

पार्ट स्प्रूवरून (सगळे पार्ट धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरून) दोनदा कापायचा. पहिला काप पार्टपासून लांब, नुसता सुटा करण्यापुरता. दुसरा पार्टजवळ, निपरची सपाट बाजू पार्टकडे ठेवून, आणि तरीही अर्धा मिलिमीटर गेट (पार्टला स्प्रूशी जोडणारा दांडा) शिल्लक ठेवून. तेवढा उरलेला तुकडा सुरीनं तासायचा आणि पेपरनं घासायचा. बारीक, नाजूक पार्टला निपरचा ताण सोसत नाही. तो मॅटवर ठेवून सुरीनं किंवा बारीक करवतीनं सोडवा.

प्रत्येक पार्टवर साच्याची दोन अर्धी जिथे मिळतात तिथे एक बारीक उंचवट्याची रेघ असते. चाकाचे दांडे, बंदुकीच्या नळ्या, पायलटची काठी अशा गोल गोष्टींवर ती हमखास असते. सुरीचं पातं काटकोनात धरून हलकेच खरवडलं की ती जाते. साच्यातून पार्ट ढकलणाऱ्या दांड्यांचे गोल खळगेही असतात. ते सगळे भरत बसायची गरज नाही. पार्ट जागेवर धरून बघा, शेवटी दिसणार असेल तरच भरा. कॉकपिटच्या भिंतीवरचा भरावा लागतो, सीटच्या पाठीमागचा कुणालाच दिसत नाही.

सिमेंट आणि जोड

पॉलिस्टायरीनचं (किटच्या प्लॅस्टिकचं) सिमेंट चिकटवत नाही, वितळवतं. दोन्ही कडांचं प्लॅस्टिक मऊ होऊन एकमेकांत मिसळतं, आणि आतलं द्रावक उडून गेलं की एकच पार्ट उरतो. हे डोक्यात पक्कं बसलं की बाकी बरंच आपोआप कळतं: सिमेंट जास्त झालं तर पृष्ठभागाचा नाश का होतो, रंगलेल्या कडांवर जोड का धरत नाही (आधी रंग खरवडावा लागतो), आणि कोरडा वाटणारा जोड दुसऱ्या दिवशी किंचित आत का बसतो.

आधी प्रत्येक जोड कोरडाच लावून बघा. टेपनं बांधा, उजेडासमोर धरा, कुठे अडतंय ते शोधा. बहुतेक वेळा दोष पार्टच्या आकारात नसतो. न घासलेला गेट किंवा खुंटीवरची साच्याची रेघ अडत असते. जोड नीट बसला की तो टेपनं तसाच धरून ठेवा आणि तामियाच्या हिरव्या झाकणाच्या एक्स्ट्रा थिनसारखं पातळ सिमेंट ब्रशच्या टोकानं फटीला नुसतं टेकवा. केशाकर्षणानं ते आपणच आत धावतं. टेप फटीवरून आडवी गेली असेल तिथे मात्र सिमेंट टेपखाली ओढलं जातं आणि पृष्ठभागावर कायमचा डाग पडतो, तेव्हा टेपच्या मधल्या जागेत टेकवा. बोटांचंही तेच: बोट फटीवर असेल तर ठसा प्लॅस्टिकमध्ये उमटतो.

लांब जोडांसाठी, म्हणजे धडाच्या दोन अर्ध्या किंवा पंखाची पुढची कड, थोडं जाड सिमेंट दोन्ही कडांना लावून, मिनिटभर थांबून, दाबून धरणं मला जास्त पसंत आहे. वितळलेल्या प्लॅस्टिकचा बारीक मणी सगळ्या रेघेवर बाहेर येतो. त्याला हात लावू नका. एक-दोन दिवसांनी तो घट्ट झाला की सुरीनं तासून पेपर मारा. फट उरतच नाही, पुट्टी लागत नाही.

सुपरग्लू धातूच्या आणि रेझिनच्या पार्टसाठी. काचेसाठी (म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक प्लॅस्टिकसाठी) दोन्ही नकोत: सिमेंट काच गढूळ करतं आणि सुपरग्लूच्या वाफेनं तिच्यावर पांढरं धुकं बसतं. तिथे पाण्यात विरघळणारा पांढरा पीव्हीए गोंद वापरा.

जोडणीचा क्रम एका जागी फसवा आहे. आधी सगळं जोडायचं आणि मग रंगवायचं, असं इथे चालत नाही. कॉकपिट धडात बंद होतो, म्हणून तो आधी रंगवून, वॉश देऊन पुरा करावा लागतो. उलट चाकं, प्रोपेलर, एक्झॉस्ट, अँटेनाचा खांब शेवटपर्यंत वेगळे ठेवायचे. सूचनापत्रकात ते तिसऱ्याच पानावर लावायला सांगितलेले असतात. ऐकू नका, हाताळताना मोडतात. नाकाखाली चाक असलेल्या विमानाला, उदाहरणार्थ मिग-२१ ला, धड बंद करण्याआधी नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर ते शेपटीवर बसतं. त्यासाठी शिसं पीव्हीएमध्ये बसवू नका, काही वर्षांनी ते फुगून धड उकलतं. स्टीलचे छर्रे बरे. स्पिटफायरला शेपटीखाली चाक आहे, त्यामुळे हा प्रश्न येत नाही.

फटी

स्पिटफायरमध्ये दोन जागा त्रास देतात: पंख जिथे धडाला मिळतो ती वरची रेघ आणि पोटाखाली पंखाची मागची कड. वरची फट पुट्टीनं भरण्याआधी पंख किंचित वर उचलून टेपनं ताणून बघा. पंखांचा वर झुकलेला कोन नीट आला की बहुतेकदा फट आपणच मिटते. पोटाखालची मात्र भरावी लागते.

द्रावकावर चालणारी पुट्टी वाळताना आक्रसते. आज सपाट घासलेली जागा उद्या खोलगट दिसते. निदान रात्रभर थांबा, आणि खोल फटीत दोनदा भरा. मला त्याहून स्प्रूची लुगदी आवडते: त्याच किटच्या स्प्रूचे बारीक तुकडे पातळ सिमेंटच्या अर्ध्या बाटलीत टाकून रात्रभर ठेवायचे. तयार होते ती पुट्टी प्लॅस्टिकचीच असल्यामुळे आजूबाजूइतकीच घासली जाते आणि तिच्यावर पॅनेलची रेघही (विमानाच्या पत्र्यांच्या सांध्याची खाच) कोरता येते. सुपरग्लूनं फट भरली तर तासाभरात घासून मोकळे व्हा. पूर्ण पिकलेला सुपरग्लू प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो, मग घासताना तो उभा राहतो आणि बाजूचं प्लॅस्टिक झिजतं.

घासणं ४०० नं सुरू करून ६००, १०००, १५०० असं वर न्या, पेपर ओला करून. घासताना पुसल्या गेलेल्या पॅनेलच्या रेघा जाड टेपची कड पट्टीसारखी धरून स्क्रायबरनं हलक्या हातानं पुन्हा कोरा.

मग मॉडेल कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून धुवा. बोटांचा तेलकटपणा आणि घासल्याची पूड गेल्याशिवाय रंग धरत नाही. काच मास्क करून (टेपनं झाकून) बसवा. मास्कवर आधी कॉकपिटच्या आतला रंग मारायचा, म्हणजे आतून बघितलं तरी चौकट योग्य रंगाची दिसते.

एअरब्रश: हवा, रंग, अंतर

डबल अ‍ॅक्शन, वरून कप असलेला, ०.३ मिमी नोझलचा एअरब्रश घ्या. ०.२ मिमीचा बारीक कामाला छान, पण जरा जाड रंगानं तुंबतो, ०.५ मिमीचा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) आणि वार्निशला उत्तम. डबल अ‍ॅक्शनमध्ये ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. सवय एकच लावायची: आधी हवा, मग रंग, थांबताना आधी रंग बंद, मग हवा. उलट केलं की टोकावर साचलेला थेंब पुढच्या फवाऱ्याला मॉडेलवर उडतो.

कॉम्प्रेसर टाकीवाला असावा. टाकीशिवाय पिस्टनचे धक्के हवेतून थेट रंगापर्यंत पोचतात. रेग्युलेटर आणि पाण्याचा ट्रॅप ही चैन नाही. दाबलेली हवा थंड होताना तिच्यातली वाफ पाणी होते आणि ट्रॅप नसेल तर तेच पाणी पंखावर थुंकलं जातं.

रंग तीन जातींचे. पाण्यात धुता येणारे अ‍ॅक्रिलिक, द्रावकातले लॅकर आणि इनॅमल. सगळे अ‍ॅक्रिलिक सारखे नसतात. तामियाचे अल्कोहोलवर चालतात, त्यांच्या एक्स-२०ए थिनरनं किंवा लॅकर थिनरनंही उत्तम पातळ होतात. व्हॅलेहोच्या रंगात अल्कोहोल घातलं तर गुठळी होऊन एअरब्रश जाम होतो. त्यांना त्यांचंच थिनर. एअरब्रशनं शिकायला मी तामियाचे अ‍ॅक्रिलिक किंवा मिस्टर कलरसारखे लॅकर सुचवेन. ते प्लॅस्टिकला घट्ट धरतात आणि टोकावर लवकर वाळून बसत नाहीत. त्याची किंमत म्हणजे वास आणि वाफ.

तिच्याविषयी इथेच सांगतो. धुळीचा साधा मास्क द्रावकाची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज आणि कणांचा फिल्टर असलेला रेस्पिरेटर लागतो, आणि हवा बाहेर फेकणारा बूथ किंवा पंखा. अ‍ॅक्रिलिकलाही मास्क लावा, त्याचे कण फुफ्फुसात तसेच जातात. जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको. अल्कोहोल आणि लॅकर थिनर दोन्ही पेट घेतात.

आता खरा प्रश्न: रंग किती पातळ? पुस्तकी उत्तर ‘दुधासारखा’, आणि ते चांगलं आहे. कपाच्या भिंतीवर काडीनं रंग लावा. तो ओघळून खाली गेला आणि मागे पातळ पारभासी पडदा राहिला तर बरोबर. भिंत स्वच्छ राहिली तर जास्त पातळ, जाड ठिपका राहिला तर जाड. तामियासाठी रंग आणि थिनर समान घेऊन सुरुवात करा, दाब १५ ते २० पीएसआय, अंतर ८ ते १० सेंमी. बारीक रेघेसाठी एकाला दोन थिनर, दाब १० पीएसआयच्या आसपास, अंतर २-३ सेंमी.

रंगाची पातळी, दाब आणि अंतर एकमेकांना बांधलेले आहेत. जवळ गेलात तर रंग पातळ आणि दाब कमी लागतो. रंग जाड असेल तर दाब वाढवावा लागतो आणि मग मागे सरकावं लागतं. बिघडल्यावर तिन्ही एकदम बदलू नका, काय चुकलं ते कधीच कळणार नाही. काय दिसतंय त्यावरून ठरवा. पृष्ठभाग खरखरीत, पावडर लागल्यासारखा झाला तर रंग हवेतच वाळतोय: जवळ या, दाब कमी करा किंवा थोडं रिटार्डर (रंग उशिरा वाळवणारं द्रव) घाला. रंगाचे पाय फुटून बाजूला पळाले तर तो फार पातळ आहे, तुम्ही फार जवळ आहात किंवा दाब जास्त आहे. फवारा तुटक येऊन थुंकायला लागला तर सुईच्या टोकावर रंग वाळलाय, थिनरच्या काडीनं पुसा. कपात बुडबुडे आले तर हवा मागे शिरतेय: नोझल तुंबलंय, नीट बसलेलं नाही किंवा चिरलंय. दमट हवेत लॅकरवर पांढरट धुकं आलं तर काम थांबवा.

हे सगळं प्लॅस्टिकच्या चमच्यावर शिका. चमच्याला बाक असतो, विमानालाही असतो. कागद रंग शोषतो, तो काहीच शिकवत नाही.

प्रायमरचा पातळ हात मारा. मिस्टर सर्फेसर १५०० त्यांच्याच लेव्हलिंग थिनरनं सैल करून मारला की साटीनसारखा बसतो. हा थर म्हणजे तपासणी. तिरप्या उजेडात मॉडेल फिरवा. जोड दिसेल, ओरखडा दिसेल, क्वचित बोटाचा ठसाही. परत जा, भरा, घासा, पुन्हा प्रायमर मारा. याला कंटाळणारा माणूस पुढे रंगाला दोष देत बसतो.

छलावरण

मार्ग फिकटाकडून गडदाकडे. १९४० च्या उत्तरार्धातल्या स्पिटफायरला खाली फिकट हिरवट ‘स्काय’, वर तपकिरी ‘डार्क अर्थ’ आणि ‘डार्क ग्रीन’. हात हलता ठेवा: मॉडेलच्या बाहेर फवारा सुरू करा, आडवा नेऊन पलीकडे बाहेर थांबा. पहिला हात नुसता धुरकट, खालचा प्रायमर दिसला पाहिजे. एकाच हातात झाकायला गेलात की ओघळ आलाच. दोन-तीन पातळ हात, मधे काही मिनिटं.

नुसता सपाट रंग मॉडेलवर खेळण्यासारखा दिसतो. म्हणून काळ्या प्रायमरवर मूळ रंगाचे अनियमित, बारीक, वेड्यावाकड्या रेघा आणि ठिपके भरत न्यायचे आणि शेवटी त्याच रंगाचा खूप पातळ हात सगळ्यावरून मारून ते एकत्र आणायचे, ही पद्धत मला पॅनेलच्या रेघांवर आधी काळं मारण्यापेक्षा पटते. खरं विमान चौकटीचौकटींनी नाही, कसंही विटतं.

दोन रंगांच्या मधली कड किती धूसर असावी, याचं उत्तर गणितात आहे. खऱ्या विमानावर फवाऱ्याची कड २-३ सेंमी धूसर असेल तर १/४८ मध्ये ती अर्धा मिलिमीटर होते, १/७२ मध्ये त्याहून कमी. म्हणजे मोकळ्या हातानं मारलेली २ मिमीची धूसर कड खऱ्यात सुमारे १० सेंमीची झाली. म्हणून ब्लू टॅकच्या (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लगद्याच्या) बारीक वळ्या करून कडेवर ठेवा, आतली जागा टेपनं भरा आणि फवारा वळीला काटकोनात मारा. धूसरपणा नेमका तेवढाच येतो.

जिथे कड धारदार हवी तिथे टेप. तिची कड नखानं दाबा, आणि आधी टेपखालच्याच रंगाचा एक हात कडेवर मारा. तो टेपखालच्या फटी बुजवतो. मग वरचा रंग आत शिरायला जागा नसते. टेप रंग पुरता कोरडा व्हायच्या आत, स्वतःवर दुमडून, हळू काढा. प्रोपेलरची पिवळी टोकं आधी पांढरी करा. पिवळा आणि लाल रंग गडदावर कधीच चढत नाहीत.

सफाई

रंग बदलताना उरलेला रंग ओता, कपात थिनर घाला, नोझलचं टोक फडक्यानं हलकं बंद करून हवा मागे फिरवा, मग स्वच्छ थिनर मारत राहा. दिवस संपला की सुई काढा आणि पुसताना नेहमी जाड बाजूकडून टोकाकडे. उलटं पुसलं की टोक वाकतं. सुई परत घालताना जोर लावू नका, नोझल चिरतं. बहुतेक एअरब्रश रंगानं नाही, सफाई करणाऱ्या हातानं मरतात.

डेकल, वॉश, मॅट

डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) मॅट रंगावर लावले तर खालच्या खरखरीत पृष्ठभागात हवा अडकते आणि पारदर्शक कडा चंदेरी दिसतात. म्हणून आधी ग्लॉस वार्निश, पूर्ण वाळलेलं. डेकल कोमट पाण्यात १५-२० सेकंद बुडवून कागदावर मिनिटभर ठेवा, आपसूक सरकू लागला की उचला. खाली मायक्रो सेट, वर मायक्रो सोल (डेकल बसवणारी आणि मऊ करणारी द्रावणं). सोल लागल्यावर डेकल सुरकुततो आणि छातीत धस्स होतं; बोट लावू नका, वाळताना तो सपाट होऊन पॅनेलच्या रेघांत बसतो.

डेकलवर पुन्हा ग्लॉसचा पातळ हात, मग इनॅमलचा वॉश रेघांना टेकवा. तो आपणच धावतो. अर्ध्या तासानं व्हाइट स्पिरिटमध्ये जेमतेम ओल्या केलेल्या बोळ्यानं हवेच्या प्रवाहाच्या दिशेनं पुसा. पांढऱ्या किंवा फिकट पोटाखाली काळा वॉश नको, राखाडी पुरे. स्पिरिट उघड्या प्लॅस्टिकच्या ताणलेल्या जोडांवर, म्हणजे चाकांच्या दांड्यांच्या मुळाशी, साचू देऊ नका; प्लॅस्टिक ठिसूळ होऊन दांडा मोडतो.

शेवटी मॅट वार्निश, आणि तेही धुक्यासारखं, दूरवरून, दोन हातांत. एकदम ओलं मारलं तर गडद रंगावर पांढरट पट्टे उतरतात. ते वाळलं की काचेवरचे मास्क सुरीच्या टोकानं कोपऱ्यातून उचला, चाकं आणि प्रोपेलर लावा. एरियलची तार हवी असेल तर स्प्रूचा तुकडा ज्योतीवर फिरवून मऊ करा आणि ज्योतीबाहेर आणून सावकाश ओढा. केसाएवढा धागा निघतो. तो सुपरग्लूच्या सूक्ष्म थेंबानं दोन टोकांना लावा. सैल पडला तर नुकत्याच विझवलेल्या अगरबत्तीचं गरम टोक न टेकवता जवळून न्या, धागा आक्रसून ताठ होतो.